शाळा संपल्यावरचा खेळ

मुलीच्या खेळाला घरांतून विरोध होतो, ही तक्रार आतां पूर्वीइतकी खरी राहिलेली नाहीं. नात खो-खोच्या संघांत निवडली गेली म्हणजे आजोबाच तिला बूट घेऊन देतात, तिनें आणलेला चषक काचेच्या कपाटांत मांडला जातो आणि येणाऱ्याजाणाऱ्यास तो आवर्जून दाखविला जातो, अशीं घरें आम्हीं पुष्कळ पाहिलीं आहेत. प्रश्न निराळाच आहे. दहावी झाली कीं तो खेळ कोठें जातो? कोणी मनाई करीत नाहीं, कोणी रागावत नाहीं. चषक कपाटांत राहतो आणि खेळणारी मुलगी मात्र मैदानावरून नाहींशी होते. मनाई असती तर तिच्याशीं झगडतां तरी आलें असतें. परंतु जेथें पुढची वाटच आंखलेली नाहीं, तेथें झगडावयाचें कोणाशीं?

या प्रश्नावर विचार करूं लागलों म्हणजे आम्हांस दूरदेशच्या एका संघाचा इतिहास आठवतो. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत आयोवा नांवाचें एक राज्य आहे. पूर्वेस मिसिसिपी आणि पश्चिमेस मिसूरी या महानद्यांच्या मध्यें पसरलेला हा सुपीक मुलूख. मका आणि डुकरें यांच्या उत्पन्नासाठीं प्रसिद्ध. मोठीं शहरें थोडीं, खेडीं फार. अशा या शेतकऱ्यांच्या राज्यांत १९७८ सालीं स्त्रियांचा एक धंदेवाईक, म्हणजे वेतन घेऊन खेळणारा, बास्केटबॉलचा संघ उभा राहिला. त्याचें नांव आयोवा कॉर्नेट्स. कॉर्नेट हें एक पितळी वाद्य. पण त्या शब्दाच्या आरंभीं मक्याचें इंग्रजी नांव ऐकूं येतें, हें कोणाही आयोवाकराच्या कानांतून सुटणारें नव्हे. हा संघ दोनच हंगाम टिकला. दोन्ही वेळां अंतिम फेरीस पोंचला, दोन्ही वेळां हरला, आणि १९८० सालीं मोडला. हिशेबाच्या वहींत पाहिलें तर हें एक फसलेलें साहस होय. परंतु त्याचा इतिहास मुळापासून पाहिला म्हणजे आमच्या प्रश्नाचें कांहीं उत्तर हातीं लागतें. म्हणून तो आज वाचकांपुढें ठेवीत आहों.

बास्केटबॉल हा खेळ डिसेंबर १८९१ मध्यें मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्ड येथें जेम्स नेस्मिथ नांवाच्या व्यायामशिक्षकानें शोधून काढला. कडक हिवाळ्यांत विद्यार्थ्यांना छपराखालीं खेळतां येईल असा खेळ त्याला पाहिजे होता. त्यानें फळांच्या दोन टोपल्या सज्जाला ठोकल्या आणि त्यांत चेंडू टाकावयास सांगितलें. पुढच्याच वर्षीं, १८९२ सालीं, जवळच्या स्मिथ कॉलेजांत सेंडा बेरेन्सन या शिक्षिकेनें तो मुलींस शिकविला. मात्र मुलींना फार धांवपळ सोसणार नाहीं, अशी त्या काळची समजूत. म्हणून मैदानाचे तीन भाग करून प्रत्येक खेळाडूस आपापल्या भागांत जखडून टाकण्यांत आलें. दुसरीच्या हातांतून चेंडू हिसकावूं नये, तीन सेकंदांपेक्षां अधिक वेळ तो जवळ ठेवूं नये, असे नियम घालण्यांत आले. आज या नियमांचें हंसूं येतें. परंतु त्यांच्या आडोशानेंच वडील मंडळींचें समाधान झालें आणि मुलींच्या हातीं चेंडू आला, हेंही विसरतां कामा नये.

आयोवांत पुढें या तीन भागांचे दोन झाले. एका बाजूला सहा जणी. त्यांपैकीं तिघी चढाई करणाऱ्या, तिघी बचाव करणाऱ्या. मधली रेषा कोणीही ओलांडावयाची नाहीं. चेंडू हातीं आला कीं तो दोनदांच जमिनीवर आपटावयाचा आणि मग सोडावयाचा. टोपलींत चेंडू टाकण्याचा अधिकार फक्त चढाईच्या तिघींचा. बचाव करणारी मुलगी शाळेकडून चार वर्षें खेळली, तरी तिच्या नांवावर एक गुणही लागत नसे! असा हा अर्ध्या मैदानाचा खेळ. पण त्या राज्याच्या खेड्यांनीं तो उराशीं धरला.

मुलींची राज्यस्पर्धा तेथें १९२० सालीं प्रथम भरली. थोड्याच वर्षांत तिच्यावर संकट आलें, आणि तें आलें सुशिक्षितांकडून. १९२३ सालीं स्त्रियांच्या खेळांचा विचार करण्यासाठीं एक राष्ट्रीय मंडळ स्थापन झालें. त्याच्या अग्रभागीं होत्या लू हेन्री हूव्हर. या पुढें राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी म्हणून प्रसिद्धीस आल्या, आणि योगायोग असा कीं त्यांचा जन्मही आयोवांतलाच. मुलींनीं खेळावें, पण आरोग्यासाठीं. चुरस, तिकिटें, प्रेक्षक आणि पदकें यांपासून त्यांना दूर ठेवावें, असा या मंडळाचा कौल पडला. हेतु वाईट नव्हता. परंतु परिणाम असा झाला कीं, अनेक राज्यांत मुलींच्या शालेय स्पर्धा एकामागून एक बंद पडल्या. १९२५ सालीं आयोवाच्या शालेय संघटनेनेंही तीच दिशा धरली. तेव्हां लहान गांवांच्या शाळांचे अधिकारी उठले, संघटनेंतून बाजूस झाले, आणि मुलींच्या खेळासाठीं त्यांनीं स्वतंत्र संघटना उभी केली. शेतावर मुलगी पहाटे उठून धारा काढते, गवताचे भारे उचलते, हें जो बाप रोज डोळ्यांनीं पाहतो, त्याला 'मुलीची प्रकृति नाजूक' हें शास्त्र कसें पटावें? आमच्याकडे 'प्रत्यक्ष' हें प्रमाण मानणारे नैयायिक होऊन गेले; आयोवाचे शेतकरी त्यांचेच शिष्य म्हणावयास हरकत नाहीं.

यानंतर अर्ध्या शतकाहून अधिक काळ हा खेळ त्या राज्याचा उत्सव होऊन राहिला. हिवाळ्यांत शेतें बर्फाखालीं झांकलेलीं. अशा वेळीं सारें गांव शाळेच्या व्यायामगृहांत जमावयाचें. आजीनें ज्या रंगाचा पोषाख घालून खेळावें, त्याच रंगाचा नातीनें घालावा. राज्यस्पर्धेच्या दिवसांत राजधानी डे मॉइन येथें खेड्याखेड्यांतून माणसें लोटत. १९६८ सालचा अंतिम सामना तर तेथें दंतकथेसारखा सांगितला जातो. युनियन-व्हिटन आणि एव्हर्ली या दोन खेड्यांच्या शाळा समोरासमोर आल्या. एव्हर्लीच्या जीनेट ओल्सन हिनें एकटीनें ७६ गुण केले, आणि युनियन-व्हिटनच्या डेनिस लाँग हिनें ६४. बरोबरी झाल्यामुळें जादा वेळ खेळावा लागला, आणि युनियन-व्हिटननें ११३ विरुद्ध १०७ असा सामना जिंकला. शाळकरी मुलींच्या खेळासाठीं सबंध राज्यानें श्वास रोखून धरावा, असें दृश्य त्या काळीं अमेरिकेंत अन्यत्र क्वचितच दिसलें असतें.

परंतु येथेंच आमच्या मूळ प्रश्नाची गांठ पडते. पुढल्या वर्षीं, १९६९ सालीं, डेनिस लाँग शाळा सोडून बाहेर पडली. एका मोसमांत तिनें एकाच सामन्यांत १११ गुण करण्याचा पराक्रम केला होता. तिच्या नांवाचा डंका देशभर वाजला होता. पण पुढें खेळावयाचें कोठें? सान फ्रान्सिस्को वॉरियर्स या पुरुषांच्या धंदेवाईक संघानें तिला तेराव्या फेरींत निवडलें. प्रसिद्धीसाठीं असेल, कौतुकासाठीं असेल, पण निवडलें. पुरुषांच्या संघटनेच्या प्रमुखानें ती निवड रद्द ठरविली. पुरुषांच्या संघांत मुलीनें खेळावें, असा आमचा आग्रह नाहीं. परंतु अठराव्या वर्षीं राज्यांतील सर्वांत नांवाजलेली खेळाडू असलेल्या मुलीसाठीं दुसरें दारच नव्हतें, एवढें मात्र या प्रसंगानें उघड झालें. पन्नास वर्षें टाळ्या वाजविणाऱ्या समाजानें टाळ्यांच्या पुढचा विचार केलेला नव्हता.

तें दार नऊ वर्षांनीं उघडलें. ओहायोमधील बिल बर्न या गृहस्थानें स्त्रियांच्या धंदेवाईक बास्केटबॉलची संघटना उभारली. आठ संघ जमले, आणि ९ डिसेंबर १९७८ रोजीं मिलवॉकी येथें पहिला सामना झाला. त्यास ७,८२४ प्रेक्षक हजर होते. या आठांत न्यूयॉर्क, शिकागो, ह्यूस्टन अशा महानगरांच्या पंक्तीस आयोवाही बसलें. संघाचा पाठीराखा होता जॉर्ज निसन. उडी मारण्याचें जें ताणलेलें जाळें ट्रँपोलिन म्हणून प्रसिद्ध आहे, तें १९३० च्या दशकांत ज्या दोघांनीं तयार केलें त्यांपैकीं हा एक. आयोवांतच जन्मलेला आणि तेथेंच धंद्यास लागलेला. घरचे सामने मुख्यतः डे मॉइन आणि सीडर रॅपिड्स या दोन शहरांत होत.

'धंदेवाईक' हा शब्द आमच्या कानांना थोडा बोंचतो, हें खरें. पण किंचित् विचार करावा. कीर्तनकारानें बिदागी घेतली म्हणून कीर्तन हलकें होत नाहीं. शास्त्र्यानें दक्षिणा घेतली म्हणून वेद बाटत नाहींत. उलट पोटाची सोय झाली म्हणजे विद्येला वेळ मिळतो. खेळही अभ्यासानें येणारी विद्याच आहे. ती ज्या वयांत पक्व होते, नेमक्या त्याच वयांत ती सोडून द्यावी लागली, तर आधींचीं दहा वर्षें व्यर्थ गेलीं असेंच म्हणावें लागेल.

या संघटनेशीं करार करणारी पहिली खेळाडू आयोवाचीच निघाली. तिचें नांव मॉली बोलिन. मोराव्हिया या लहानशा गांवांतून ती आली होती. शाळेंत असतांना एका सामन्यांत तिनें ८३ गुण केले होते. पुढें डे मॉइनच्या ग्रँड व्ह्यू कॉलेजांत तिनें शिक्षण घेतलें. विवाह झालेला होता आणि पदरीं लहान मुलगा होता. राज्याचे गव्हर्नर रॉबर्ट रे यांच्या उपस्थितींत करारावर सह्या झाल्या. पहिल्या वर्षाचें वेतन ६,००० डॉलर; त्या देशाच्या मानानें ही रक्कम फार थोडी होती. अर्ध्या मैदानावर फक्त चढाई करण्यांत जिचें शालेय आयुष्य गेलें, तिला आतां सबंध मैदान धांवावयाचें होतें, बचावही करावयाचा होता. तो तिनें केला. १९७९-८० च्या हंगामांत तिनें दर सामन्यास सरासरी ३२·८ गुण मिळविले, आणि मार्च १९८० मध्यें मिनेसोटाच्या संघाविरुद्ध एकाच सामन्यांत ५५. संघटनेच्या आयुष्यांत हा आंकडा कोणीही ओलांडला नाहीं. वर्तमानपत्रांनीं तिला 'मशीनगन मॉली' असें टोपणनांव दिलें. एव्हर्ली गांवची कॉनी कुन्झमन हीदेखील तिच्या जोडीला होती. ज्या गांवानें १९६८ चा तो सामना गमावला, त्याच गांवची मुलगी आतां पगारी संघांत खेळत होती. खेड्यांनीं पन्नास वर्षें जें पेरलें, तें येथें उगवलें असें म्हणावयास काय हरकत?

पहिल्याच हंगामांत कॉर्नेट्स अंतिम फेरीस गेला. ह्यूस्टन एंजल्स या संघाशीं पांच सामने झाले. तीन ह्यूस्टननें जिंकले, दोन आयोवानें. दुसऱ्या वर्षीं पुन्हां अंतिम फेरी. या वेळीं न्यूयॉर्क स्टार्स वरचढ ठरला. आणि मग संघ उरला नाहीं. कारणें गूढ नव्हतीं. प्रवासाचा, जागेच्या भाड्याचा आणि वेतनाचा खर्च तिकिटांच्या उत्पन्नांतून निघत नव्हता. पहिल्या हंगामाला आठ असलेले संघ दुसऱ्या हंगामास चवदा करण्यांत आले. पाया भरण्यापूर्वींच माडी चढविली गेली. १९८० च्या मॉस्को ऑलिंपिकवर अमेरिकेनें बहिष्कार घातल्यामुळें, तेथून जी कीर्ति स्त्रियांच्या खेळास लाभली असती, तीही गेली. मार्च १९८१ मध्यें मिनेसोटा फिलीज संघाच्या खेळाडू, थकलेलें वेतन मिळत नाहीं म्हणून, भर मैदानांतून निघून गेल्या. त्याच वर्षीं संघटनाच संपली. मॉली बोलिन त्या शेवटच्या हंगामांत सान फ्रान्सिस्कोकडून खेळली होती.

पैशाच्या अभावीं संघ मोडतात. त्याचें फारसें नवल नाहीं. परंतु मॉली बोलिनच्या आयुष्यांत यापुढें जें घडलें, तें आमच्या वाचकांनीं नीट लक्षांत घ्यावें. तिचा आणि पतीचा घटस्फोट झाला, आणि मुलगा कोणाजवळ राहावा हा वाद न्यायालयांत गेला. खालच्या न्यायालयानें मूल पित्याच्या स्वाधीन केलें. खेळासाठीं तिचें गांवोगांव हिंडणें, घराबाहेर राहणें, हें तिच्या विरुद्धच्या पारड्यांत पडलें. पुरुष खेळाडू वर्षांतून कित्येक महिने घराबाहेर असतो; पण तेवढ्यावरून तो बाप म्हणून कमी प्रतीचा ठरतो, असें कोणी म्हटल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं. १९८३ सालीं आयोवाच्या सर्वोच्च न्यायालयानें तो निकाल फिरविला आणि मुलगा आईच्या हवालीं केला. बाईला स्वतःचें कर्तृत्व आहे, म्हणून तिचें मातृत्व उणें ठरत नाहीं, हें तत्त्व त्या निकालानें उचलून धरलें. ५५ गुणांच्या विक्रमापेक्षां हा विजय आम्ही मोठा समजतों. कारण पहिला तिनें मैदानावर मिळविला आणि दुसरा लोकांच्या मनांतील पूर्वग्रहावर.

पुढचा इतिहास थोडक्यांत सांगतां येईल. सहा जणींचा तो जुना खेळ आयोवांत १९९३ सालीं बंद झाला. अर्ध्या मैदानावर शिकलेल्या मुलींस महाविद्यालयांच्या पांच जणींच्या खेळांत अडचण पडते, ही तक्रार अखेर मान्य झाली. म्हाताऱ्या माणसांनीं हळहळ व्यक्त केली, आणि ती समजण्यासारखी आहे. १९९७ सालीं अमेरिकेंत स्त्रियांची नवी धंदेवाईक स्पर्धा सुरू झाली. तिच्यामागें पुरुषांच्या संघटनेचें बळ असल्यामुळें ती टिकली. २०१८ सालीं, जुन्या संघटनेंत खेळलेल्या स्त्रियांचा, वाट पाडणाऱ्या म्हणून स्त्री-बास्केटबॉलच्या कीर्तिमंदिरांत सन्मान करण्यांत आला. आणि ऑक्टोबर २०२३ मध्यें आयोवा विद्यापीठाच्या उघड्या मैदानावर मुलींचा एक साधा मैत्रीचा सामना पाहावयास ५५,६४६ माणसें जमलीं. त्या संघांतील केटलिन क्लार्क ही वेस्ट डे मॉइनची मुलगी. तिनें महाविद्यालयीन खेळांत ३,९५१ गुण केले, आणि २०२४ सालीं इंडियाना राज्याच्या धंदेवाईक संघानें तिला सर्वांत पहिली म्हणून निवडून नेलें. डेनिस लाँगची निवड रद्द झाली, त्याला तेव्हां पंचावन्न वर्षें झालीं होतीं. लोक म्हणाले, ही मुलगी आकाशांतून पडली. आकाशांतून कोणी पडत नसतें. त्या ५५,६४६ मध्यें कित्येक आज्या अशा असतील कीं, ज्या एके काळीं मधल्या रेषेशीं येऊन थबकत होत्या.

आतां आमच्या घराकडे वळूं. आयोवाची गोष्ट सांगून तेथल्यासारखे पगारी संघ येथें गांवोगांव काढा, असें आम्ही म्हणणार नाहीं. तसें घडण्यास पैसा, प्रेक्षक आणि पुष्कळ वर्षें लागतात. कॉर्नेट्सनें हें आपल्या जिवावर शिकविलें आहे. पण त्याच्याही आधींची एक गोष्ट आहे, आणि तिला पैसा लागत नाहीं. आयोवाच्या खेड्यांनीं मुलीचा खेळ स्वतःचा मानला. तिला पुढें खेळावयास जागा आहे कीं नाहीं हें विचारण्यास मात्र त्यांना पन्नास वर्षें लागलीं. आम्हांस तो प्रश्न आजच विचारतां येईल. अकरावींतल्या मुलीचें वेळापत्रक करतांना शिकवणीचे वर्ग सगळे लिहून होतात. त्यांतच आठवड्यांतून दोन संध्याकाळीं मैदानासाठीं लिहून ठेवण्यास अडचण कोणती? गांवांत क्रीडामंडळ असेल तर तेथें सोळा वर्षांपुढच्या मुलींची वेळ ठरलेली आहे काय, याची चौकशी घरांतल्या कर्त्या पुरुषानें एकदां करावी. नसेल तर चार घरांनीं मिळून मागणी करावी.

आणि याहून अवघड परीक्षा पुढेंच आहे. मुलगी खेळली तर कौतुक, हें आतां रुळलें आहे. पण खेळणारी मुलगी सून होऊन घरांत आली, तिच्या कडेवर मूल असलें, आणि रविवारीं सकाळीं ती मैदानावर जावयास निघाली, तर मूल कोण सांभाळतो? एकत्र कुटुंबांत सांभाळणारे हात चार असतात, सहा असतात. मॉली बोलिनला हा आधार शोधावयास न्यायालयाच्या पायऱ्या चढाव्या लागल्या. आमच्या घरांत तो ओसरीवरच बसलेला असतो. त्यानें फक्त हात पुढें करून नातवंड घ्यावें, एवढेंच काम.